१०९ किलोबाइटचा तिढा: उपग्रह जोडणीवरून फायली वेगाने कशा पाठवाव्यात

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या एका दुर्गम कार्यालयातून पुण्यातील मुख्यालयाकडे रोज सर्वेक्षणाची छायाचित्रे आणि नकाशे पाठवायचे काम होते. जोडणी व्हीसॅटची, म्हणजे आवारातील डिशमधून भूस्थिर उपग्रहामार्गे जाणारी होती. करारानुसार डाउनलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आणि अपलोडचा ५ मेगाबिट होता. ५ मेगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण ६२५ किलोबाइट, पण प्रत्यक्षात फाइल सरकत होती १०९ किलोबाइटने. सकाळी १०९, रात्री दोन वाजता १०९, निरभ्र आकाशातही १०९. डिश पुन्हा जुळवून झाली, मोडेम बदलून झाला, तरी आकडा ढळला नाही.

खराब जोडणीचा वेग वरखाली होत राहतो. आकडा असा खिळा ठोकल्यासारखा एकाच जागी राहिला, तर जोडणी खराब नसून कोणीतरी हिशेबाने अडवत आहे असे समजावे. या प्रकरणात हिशेब सोपा निघाला: ६५,५३५ बाइट भागिले ०.६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १०९ किलोबाइट. हे दोन आकडे कोठून येतात आणि त्यांच्यावर उपाय काय, हे कळले की उपग्रह जोडणीवरील पुष्कळ तक्रारींची वाट सापडते. दुर्गम शाखा, प्रकल्पस्थळे किंवा जहाजांवरील व्हीसॅट जोडणी सांभाळणाऱ्यांनी पुढील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने कराव्यात, आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे.

उशीर कोठून येतो

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. इस्रोचा जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्वेला आहे. महाराष्ट्रातून त्याच्याकडे रोखलेली डिश क्षितिजापासून सुमारे ६५ ते ७० अंश वर पाहते आणि तिरके अंतर ३६,००० किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, वर जाऊन खाली येते आणि त्याची पोच पुन्हा वर जाऊन खाली येते, तेव्हा एकूण प्रवास जवळजवळ १,४५,००० किलोमीटरचा होतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला सुमारे ०.४८ सेकंद लागतो. त्यात मोडेमची प्रक्रिया, सामायिक वाहिनीवर आपली पाळी येण्याची वाट आणि हबपासून, म्हणजे सेवादात्याच्या जमिनीवरील केंद्रापासून, पुढचा फायबरचा प्रवास मिळवला की फेरीचा वेळ ५५० ते ६५० मिलिसेकंदांवर जातो. यातील पहिला भाग निसर्गाचा आहे आणि कोणतेही उपकरण विकत घेऊन तो कमी होत नाही.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. उपग्रहावरून होणारे परदेशी फोन ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा अर्धा सेकंद ओळखीचा असेल: दोघे एकदम बोलू लागत, दोघेही एकदम थांबत, आणि मग ‘तू बोल, तू बोल’ यातच पैसे जात. संगणकांमध्येही नेमके हेच होते. आवाज स्पष्ट आहे, वाहिनी मोकळी आहे, पण दोन्ही बाजू एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसल्या आहेत. म्हणून पुढील सर्व उपायांचा रोख वाट पाहणे कमी करण्यावर आहे. जास्त वेगाची योजना घेणे हा त्यानंतरचा, आणि पुष्कळदा अनावश्यक, उपाय आहे.

पहिली पायरी: मोजमाप

कार्यालय बंद असताना मुख्यालयाच्या सर्व्हरला अर्धा तास पिंग करावे, म्हणजे छोटी पाकिटे पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजावा, आणि त्यातील किमान आकडा लिहून ठेवावा. हा आपल्या मार्गाचा खरा उशीर. नंतर मोठी फाइल अपलोड करत असताना पुन्हा पिंग करावे. किमान ५८० असलेला वेळ आता २,५०० मिलिसेकंदांवर गेला, तर मधला फरक उपग्रहाचा नसून आपल्याच राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये साचलेल्या रांगेचा आहे.

त्यानंतर दोन्ही टोकांना आयपर्फ हे वेग मोजण्याचे साधन बसवावे. प्रथम यूडीपीने, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीने, कराराच्या ऐंशी टक्के वेगाने पाठवून किती पाकिटे गळतात ते पाहावे. मग टीसीपीचा, म्हणजे फायली पाठवताना वापरल्या जाणाऱ्या, पोच मागणाऱ्या पद्धतीचा, एकच प्रवाह चालवावा आणि शेवटी चार प्रवाह एकत्र. चार प्रवाहांचा एकूण वेग एका प्रवाहाच्या चौपट आला, तर जोडणीत जागा आहे आणि प्रत्येक प्रवाह स्वतंत्रपणे कशाने तरी बांधला गेला आहे. चारही मिळून तेवढाच वेग आला, तर जोडणीच भरलेली आहे आणि संगणकाच्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

येथे एक नेहमीचा वाद मिटतो. ग्राहक म्हणतो फाइल जात नाही, सेवा पुरवणारा म्हणतो स्पीड टेस्टमध्ये पूर्ण वेग दिसतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. स्पीड टेस्टच्या बहुतेक साइट एकाच वेळी अनेक प्रवाह उघडतात. आपली फाइल मात्र एकाच प्रवाहातून जात असते.

दुसरी पायरी: डिश, केबल आणि पाऊस

आयपर्फच्या यूडीपी चाचणीत कोरड्या दिवशीही पाकिटे गळत असतील, तर संगणकाकडे वळण्याआधी छपराकडे पाहावे. मोडेमच्या पानावर सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये दिसते. निरभ्र दिवशीचा आकडा मोडेमशेजारी कागदावर चिकटवून ठेवावा, कारण पुढे फोनवर ‘सिग्नल ठीक आहे का’ या प्रश्नाला नेमके उत्तर देण्याचा तो एकमेव आधार असतो. हा आकडा महिनोन्महिने हळूहळू उतरत असेल, तर तीन संशयित असतात: केबलच्या जोडात शिरलेले पाणी, वाऱ्याने किंवा माकडांनी किंचित हललेली डिश, आणि दरम्यानच्या काळात वाढलेले झाड. झाडाचा विचार डिश बसवताना सहसा कोणी करत नाही. दोन पावसाळ्यांनंतर तीच फांदी आडवी येते. जोडांना पाणी न शिरू देणारी, स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी मे महिन्यातच नव्याने गुंडाळावी.

उपग्रह जोडण्या केयू, केए किंवा सी या लहरींच्या पट्ट्यांत (बँडमध्ये) चालतात. केयू बँडच्या लहरींना जोराचा पाऊस शोषून घेतो, केए बँडला त्याहून जास्त, आणि सी बँडला फार कमी. आधुनिक प्रणाली पावसात जोडणी तोडत नाही. ती अधिक भक्कम पण कमी माहिती वाहणारी संकेतपद्धती निवडते, त्यामुळे वेग उतरतो. आपल्याकडे लख्ख ऊन असताना वेग पडला, तर हब ज्या शहरात आहे तेथील पाऊसही विचारात घ्यावा. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, ठरावीक वेळी काही मिनिटे, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि जोडणी जाते. त्या मिनिटांत दुरुस्तीवाल्याला बोलावू नये, चहा घ्यावा.

तिसरी पायरी: खिडकीचा आकार

आता मूळ तिढ्याकडे येऊ. टीसीपीमध्ये घेणारी बाजू सांगते की पोच न देता माझ्याकडे इतके बाइट पाठवता येतील. या मर्यादेला विंडो म्हणतात. मूळ रचनेत ही संख्या लिहायला सोळा बिट होते, म्हणून कमाल ६५,५३५ बाइट. पाठवणारा तेवढे पाठवतो आणि पोच येईपर्यंत हात बांधून बसतो. फेरीला ०.६ सेकंद लागत असेल, तर त्या वेळात एवढेच जाणार, वाहिनी कितीही रुंद असली तरी. या मर्यादेवरचा उपाय, म्हणजे विंडो स्केलिंग, १९९२ सालीच प्रमाणित झाला आणि आज प्रत्येक प्रणालीत आहे. प्रश्न तो चालू आहे का, एवढाच असतो.

किती विंडो हवी याचे गणित असे: वेग गुणिले फेरीचा वेळ. २० मेगाबिट गुणिले ०.६ सेकंद म्हणजे १२ मेगाबिट, म्हणजेच १.५ मेगाबाइट. इतका माल कोणत्याही क्षणी आकाशात असला पाहिजे, तरच वाहिनी भरलेली राहते. ५ मेगाबिटच्या अपलोडला ३७५ किलोबाइट पुरतात.

आमच्या प्रकरणात दोष डिशखालच्या संगणकात नव्हताच. विंडो घेणारी बाजू ठरवते, आणि घेणारी बाजू पुण्यात होती. तेथील विंडोज सर्व्हरवर कोणीतरी कधीकाळी ‘नेटवर्क वेगवान करण्याच्या युक्त्या’ वाचून रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग बंद केले होते. पुण्यातल्या पुण्यात फेरीचा वेळ एक मिलिसेकंद असतो, त्यामुळे त्याच ६५,५३५ बाइटमध्ये सेकंदाला ६५ मेगाबाइट जातात आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. हे तपासायला विंडोजच्या नेटशेल साधनातून टीसीपीची एकूण सेटिंग पाहावीत. ऑटो-ट्यूनिंग लेव्हलच्या ओळीपुढे ‘नॉर्मल’ असले पाहिजे. ‘डिसेबल्ड’ असेल, तर नॉर्मल करून नवी जोडणी सुरू करावी.

सेटिंग ठीक असूनही आकडा तोच राहिला, तर वायरशार्क या पाकिटे तपासण्याच्या साधनाने दोन्ही टोकांना पाकिटे पकडावीत. विंडो स्केलचा करार जोडणीच्या पहिल्या दोन पाकिटांतच होतो, म्हणून पकड आधी सुरू करून मगच फाइल पाठवावी. एका टोकाहून निघालेला स्केलचा पर्याय दुसऱ्या टोकाला पोचतच नसेल, तर मधली एखादी जुनी फायरवॉल तो पुसत आहे.

लिनक्सवर बहुधा काहीच करावे लागत नाही. नेहमीच्या वितरणांत घेण्याच्या बफरची कमाल मर्यादा ६ मेगाबाइट आणि पाठवण्याच्या बफरची ४ मेगाबाइट असते, आणि २० मेगाबिटच्या जोडणीला ती पुरते. शंभर मेगाबिटला आकाशात ७.५ मेगाबाइट हवेत, तेव्हा मात्र टीसीपी-आरमेम आणि टीसीपी-डब्ल्यूमेम या सेटिंगचा तिसरा आकडा १६ मेगाबाइटपर्यंत वाढवावा. पहिल्या दोन आकड्यांना हात लावू नये. काही प्रोग्राम स्वतःच बफरचा आकार ठरवून देतात. तसे झाले की प्रणालीची स्वयंचलित वाढ त्या जोडणीपुरती बंद पडते. तेव्हा फाइल पाठवण्याच्या साधनात ‘बफर’ नावाचा रकाना असेल, तर तो रिकामा ठेवणे बरे.

चौथी पायरी: गळती आणि गर्दीनियंत्रण

टीसीपीची जुनी पद्धत प्रत्येक गळालेल्या पाकिटाला गर्दीची खूण मानते आणि वेग निम्मा करते. जवळच्या जोडणीवर तो लगेच भरून निघतो, ०.६ सेकंदाच्या फेरीवर भरून यायला मिनिटेही लागतात. हजारात एक पाकीट गळत असेल, तर या जुन्या पद्धतीत १,४६० बाइटच्या पाकिटांनी मिळणारा वेग गणिताने सुमारे ७५० किलोबिटवर अडकतो, जोडणी २० मेगाबिटची असो वा २००ची. लिनक्सची प्रचलित क्युबिक पद्धत याहून बरी आहे, तरी गळतीला तीही भिते.

गूगलने २०१६ साली आणलेली बीबीआर पद्धत गळतीऐवजी प्रत्यक्ष पोचणारा वेग आणि किमान उशीर मोजून चालते, म्हणून तुरळक गळतीने ती बिचकत नाही. ती लिनक्सच्या ४.९ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. हा बदल केवळ पाठवणाऱ्या बाजूला करावा लागतो: डाउनलोड सुधारायचा असेल तर सर्व्हरवर, अपलोड सुधारायचा असेल तर दुर्गम टोकाच्या संगणकावर. मात्र बीबीआरची पहिली आवृत्ती शेजारच्या क्युबिक प्रवाहांना दाबून टाकू शकते, त्यामुळे एकाच जोडणीवर दहा जण काम करत असतील, तर कामाच्या वेळेत एकदा सर्वांचा अनुभव विचारूनच ती कायम करावी. यासोबत, जोडणी काही क्षण शांत राहिली की पुन्हा मंद सुरुवात करायला लावणारे लिनक्सचे सेटिंग शून्य करावे. दहा पाकिटांपासून सुरू करून दरफेरीला दुप्पट होत १.५ मेगाबाइटवर पोचायला सात फेऱ्या, म्हणजे चारेक सेकंद लागतात. हा दंड प्रत्येक विश्रांतीनंतर भरण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: व्हीपीएन आणि मोडेममधील प्रवेगक

आता एक प्रश्न उरतो. व्हीसॅट मोडेमांमध्ये टीसीपीचा प्रवेगक आधीपासून असतो. मग आमच्याकडे १०९चा आकडा दिसलाच कसा? प्रवेगकाचे काम असे की मोडेम स्वतःच संगणकाला ‘पोचले, पुढचे पाठव’ असे सांगतो, आकाशातला प्रवास हबशी आपल्या खास पद्धतीने करतो, आणि हब पुढे सर्व्हरशी वेगळी जोडणी चालवतो. संगणकाला वाटते की सर्व्हर शेजारच्या खोलीत आहे. यासाठी मोडेमला टीसीपीची शीर्षके, म्हणजे पाकिटाच्या सुरुवातीची नोंद, वाचता आली पाहिजेत. आमच्या कार्यालयातून मुख्यालयापर्यंत आयपीसेकचा व्हीपीएन, म्हणजे सर्व वाहतूक कुलूपबंद करून नेणारा बोगदा, होता, आणि त्यात शीर्षकांसह सर्व काही कुलूपबंद होते. मोडेमला आत काय आहे ते दिसत नव्हते, म्हणून प्रवेगक गप्प बसला आणि पुण्यातल्या सर्व्हरची विंडो उघडी पडली.

यावर तीन मार्ग आहेत. सर्वांत साधा मार्ग म्हणजे संपूर्ण बोगद्याऐवजी प्रत्येक सेवेला टीएलएस किंवा एसएसएचचे कुलूप लावणे, म्हणजे फाइल एचटीटीपीएस किंवा एसएफटीपीने पाठवणे. मजकूर सुरक्षित राहतो आणि टीसीपीचे शीर्षक बाहेर दिसते. दुसरा, व्हीपीएनच्या आधी, म्हणजे कुलूप लागण्यापूर्वी, दोन्ही टोकांना स्वतंत्र प्रवेगक बसवणे. तिसरा, व्हीपीएन हबपासून पुढे सुरू करणे. यात आकाशातील टप्प्याची सुरक्षितता सेवादात्याच्या हाती जाते, म्हणून संस्थेच्या सुरक्षा विभागाच्या लेखी संमतीशिवाय तो घेऊ नये. माझे मत विचाराल, तर फाइलवाहतुकीपुरता पहिला मार्ग आणि बाकीच्या कामांना व्हीपीएन, ही विभागणी सर्वांत कमी डोकेदुखीची आहे.

एसएफटीपी निवडताना एक बारकावा लक्षात असावा. एसएफटीपीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामची स्वतःची वेगळी विंडो सुमारे २ मेगाबाइटची असते, आणि ०.६ सेकंदाच्या फेरीवर ती २७ मेगाबिटच्या आसपास मर्यादा घालते. आपल्या ५ किंवा २० मेगाबिटला ती आड येत नाही.

क्विक हा नवा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो आणि मोडेमला तोही वाचता येत नाही. ब्राउझर मंद वाटत असेल, तर राउटरवर यूडीपीचे ४४३ पोर्ट बंद करून पाहावे. ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतो आणि प्रवेगकाचा लाभ मिळतो. व्हीपीएनमुळे पाकिटांचा आकार वाढून ती तुटत असतील, तर राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पाकिटातील मजकुराची कमाल मर्यादा, १,३५० बाइटच्या जवळपास आणावा.

सहावी पायरी: चढत्या वाटेची रांग

डाउनलोडलाही अपलोडची वाट लागते, कारण पोच परत जायची असते. २० मेगाबिटने डाउनलोड म्हणजे सेकंदाला सुमारे १,६७० पाकिटे. दर दोन पाकिटांमागे ५२ बाइटची एक पोच धरली, तर केवळ पोचपावत्यांनाच सुमारे ३५० किलोबिट लागतात. त्याच वेळी कोणाचा मोबाइल छायाचित्रे क्लाउडवर चढवू लागला की पावत्या रांगेत मागे पडतात आणि डाउनलोडही बसतो. राउटरवर अपलोडला कराराच्या नव्वद टक्के मर्यादा घालावी, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये साचेल, आणि तेथे केक ही रांगव्यवस्था लावावी. तिच्यात ‘सॅटेलाइट’ हा तयार पर्याय आहे, जो फेरीचा वेळ एक सेकंद धरून चालतो. तो न निवडल्यास ती १०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने चालते आणि निष्पाप पाकिटे टाकून देते.

सातवी पायरी: पाठवण्याची रीत

हे सगळे झाल्यावरही रोजच्या सवयींत बराच वेळ वाया जातो. ५० किलोबाइटची २,००० छायाचित्रे म्हणजे १०० मेगाबाइट. ५ मेगाबिटवर त्याला १६० सेकंद पुरतात. पण शेअर केलेल्या फोल्डरमध्ये एकेक फाइल टाकताना प्रत्येकीला दोन फेऱ्या जरी लागल्या, तरी ४० मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. आणि विंडोजचे फाइल शेअरिंग प्रत्यक्षात दोनपेक्षा जास्त फेऱ्या मारते. म्हणून आधी सगळ्यांची एक झिप किंवा टार फाइल करावी आणि मग पाठवावी. जेपेग छायाचित्रे दाबून लहान होत नाहीत, त्यामुळे त्यांना न दाबता नुसते एकत्र बांधावे. सीएसव्ही आणि नोंदवह्या मात्र चांगल्याच आकसतात. रोज थोड्याच बदलणाऱ्या फोल्डरसाठी फक्त बदललेला भाग पाठवणारा आरसिंक वापरावा आणि अर्धवट फाइल जपून ठेवण्याचा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे पावसात जोडणी तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

वेबसाठी कार्यालयातच डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून मिळालेल्या पत्त्यांची, साठवण ठेवावी. पत्ता विचारणे, टीसीपी जुळणे, टीएलएसच्या १.२ आवृत्तीच्या दोन फेऱ्या आणि मग मागणी, अशा पाच फेऱ्यांनंतर पानाचा पहिला बाइट येतो, म्हणजे तीन सेकंद. डीएनएसची साठवण एक फेरी वाचवते आणि टीएलएसची १.३ आवृत्ती दुसरी.

आमच्या कार्यालयात शेवटी तीन गोष्टी बदलल्या: पुण्याच्या सर्व्हरवरील ऑटो-ट्यूनिंग, व्हीपीएनबाहेरून एसएफटीपी, आणि रात्री साडेदहाला आपोआप बांधली जाणारी एक टार फाइल. वेग ५६० ते ५९० किलोबाइटच्या दरम्यान खेळू लागला. तो वरखाली होत आहे हे पाहूनच बरे वाटले.

खालच्या कक्षेतील उपग्रह असतील तर

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आणि वनवेबचे १,२०० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे फेरीचा वेळ दहा मिलिसेकंदांच्या पटीत उतरतो आणि विंडोचा प्रश्न जवळजवळ संपतो. तेथे अडचण वेगळी असते: उपग्रह सतत बदलत असल्याने उशीर आणि वेग क्षणोक्षणी हलतात व मधूनच पाकिटे गळतात. अशा जोडणीवर चौथ्या पायरीतील बीबीआर उपयोगी पडते, आकाश सर्व बाजूंनी मोकळे असणे एका दिशेपेक्षा महत्त्वाचे ठरते, आणि भूस्थिर जोडणीसाठी केकमध्ये निवडलेला ‘सॅटेलाइट’ पर्याय आठवणीने काढून टाकावा लागतो.